वहीत न आलेले चेंडू

३ सप्टेंबर २००६, रविवार

जिंकलो! हॉलोबी क्रिकेट क्लबच्या एकशे अकरा वर्षांत पहिल्यांदा वीस षटकांचा कप घरी आला. माझा घसा बसलाय. गुणलेखकाने ओरडायचं नसतं, हा नियम बारा वर्षांत आज पहिल्यांदा मोडला. शेजारी वेल्स्टनची गुणलेखिका डोरीन बसली होती, तिने विणकाम बाजूला ठेवून माझ्याकडे बघितलं, तेव्हा कुठे मी भानावर आले.

वेल्स्टनला शेवटच्या षटकात पाच धावा हव्या होत्या आणि चेंडू परीक्षितकडे. कपच्या तिन्ही सामन्यांत कबीरने त्याला शेवटासाठीच राखून ठेवलं होतं. आमचे चिरंजीव कप्तान असल्यामुळे त्यांना सल्ला द्यायची सोय नाही, पण हा निर्णय मात्र शहाणपणाचा निघाला. पहिल्या तीन चेंडूंवर दोन धावा, चौथ्यावर त्यांचा जमलेला फलंदाज त्रिफळाचीत. नवा फलंदाज मैदानभर बघत, ग्लव्हज घालत आरामात आला. त्यानंतर मला फक्त पंचांचा 'ओव्हर' हा शब्द आठवतो आणि मैदानात धावत गेलेली माणसं. दोन धावांनी जिंकलो. वही मागाहून भरली, डोरीनच्या वहीशी धावांची बेरीज ताडून पाहिली, जुळली.

हे तर पार लहान झाले होते. गुडघा दुखतो म्हणून बाजारात न येणारा माणूस सीमारेषेपर्यंत पळत गेला. परीक्षितला मिठी मारायला गेले, तर तो दचकून मागे झाला. फार लाजाळू पोरगा.

५ सप्टेंबर, मंगळवार

क्लबचे अध्यक्ष ब्रायन सकाळीच घरी आले. ते असे न सांगता येतात तेव्हा काहीतरी मागायचं असतं. चहा घेतला, माझ्या करंज्यांना 'गोड सामोसे' म्हणाले आणि मग मुद्द्यावर आले.

परीक्षित आमचा प्रो. म्हणजे क्लबने पैसे देऊन आणलेला एकुलता एक खेळाडू. नागपूरचा, सत्तावीस वर्षांचा, एप्रिलपासून आमच्या मागच्या खोलीत राहतो. त्याचा करार या महिन्यात संपतो. आता कप जिंकल्यावर शेजारचे दोन क्लब त्याच्याकडे डोळे लावून बसलेत. ब्रायनच्या मनात त्याला एकदम तीन वर्षांचा करार द्यायचा आहे, हंगामाला चौदा हजार पौंड आणि राहायला छोटा फ्लॅट. आजवर आम्ही कुणालाच सहा हजारांच्या वर दिलेले नाहीत. पॅव्हिलियनचं छप्पर बदलायला जमवलेला निधी त्यात जाईल.

'कमिटीत निम्मे लोक भारावलेले आहेत आणि निम्मे घाबरलेले,' ब्रायन म्हणाले. 'तुमच्याकडे सगळ्या वह्या आहेत. तुम्ही एक पानभर लिहून द्या. या मुलाला तीन वर्षं द्यावीत का?'

मी म्हटलं, 'तो माझ्या घरी जेवतो, माझा मुलगा कप्तान आहे आणि नवरा कमिटीवर आहे. मला कसं विचारता?'

'म्हणूनच विचारतो. तुम्ही कुणाचं ऐकत नाही हे सगळ्यांना माहीत आहे.'

आता ही स्तुती समजावी की काय! पण तीस वर्षं मी युनिव्हर्सिटीच्या परीक्षा विभागात काढली. प्राध्यापकांच्या पोरांचेसुद्धा गुण जसेच्या तसे चढवले. कबूल केलं मी. बैठक एकवीसला आहे. परीक्षितच्या इथे राहून काम करायच्या परवान्याचे कागद महिनाअखेरीच्या आत क्रॉयडनच्या इमिग्रेशन ऑफिसला गेले पाहिजेत, म्हणजे त्याच बैठकीत काय ते ठरणार.

ब्रायन गेल्यावर परीक्षितला सांगितलं. तो म्हणाला, 'तीन वर्षं मिळाली ना काकू, तर ऋजुताला आणि अन्वीला आणता येईल.' अन्वी त्याची मुलगी, अकरा महिन्यांची. जन्मल्यावर सहा महिने पाहिली, पुढचे पाच महिने फोनवर ऐकली. मी म्हटलं, 'जे वहीत असेल तेच लिहीन हं.' 'हो काकू, तसंच लिहा,' म्हणाला.

६ सप्टेंबर, बुधवार

कप जिंकल्यापासून आमच्या पाहुण्याचे साहेब झाले आहेत. पोळी नको म्हणतो, भातच द्या, आणि तोही चमच्याने, डाव्या हातात चमचा धरून. नागपूरच्या घरी आई बघत असती तर! आंघोळीला गेला की पाऊण तास गरम पाण्याखाली उभा, हे बिचारे गार पाण्याने आंघोळ करतात आणि वर म्हणतात, 'असू दे मीनाक्षी, चॅम्पियन आहे तो.'

संध्याकाळी कबीर गाडी घेऊन आला आणि दोघं बीस्टनला गेले. दर बुधवारी जातात, कुठे ते विचारलं की 'जस्ट आउट, आई.' गट्टी जमली आहे दोघांची. कबीरला इथे शाळेत मराठी बोलणारा एकही मित्र नव्हता, त्यामुळे मला बरंच वाटतं.

९ सप्टेंबर, शनिवार

लीगचा शेवटचा सामना, हरलो. परीक्षितने एकही षटक टाकलं नाही. कबीर म्हणे, 'आई, ही रिअल मॅच नाही, त्याला रेस्ट देतोय.' चौदा हजारांच्या गोष्टी चालू असताना शनिवारचा सामना खरा नाही? सीमारेषेवर चेंडू आला तेव्हा साहेबांनी तो खालून, गोट्या खेळतात तसा घरंगळत परत दिला. फलंदाज दोनाच्या तीन धावा पळाले. मी वहीत तीन लिहिल्या आणि ओठ घट्ट मिटून बसले.

सामान गाडीत ठेवतानाही तो किटबॅगकडे नुसता बघत उभा राहिला. शेवटी कबीरनेच उचलली.

१२ सप्टेंबर, मंगळवार

सबंध दिवस जेवणाच्या टेबलावर वह्या पसरून बसले होते. हे दोनदा आले आणि दोन्ही वेळा मी हाकललं.

लीगमध्ये परीक्षितने एकशे अठरा षटकं टाकली आणि एकोणीस बळी घेतले. बरं काम, त्यापेक्षा जास्त नाही. आमचा पोस्टमन गोलंदाज केविन याच्या आकड्यांत आणि त्याच्या आकड्यांत मोठा फरक नाही, आणि केविनला आपण काय देतो, तर सामन्यानंतर एक बिअर. कपच्या तीन सामन्यांत मात्र परीक्षितचे आठ बळी, आणि धावा इतक्या कमी की दोनदा तपासल्या. पण ती सगळी मिळून बारा षटकं. तीन संध्याकाळी.

परीक्षा विभागात असे विद्यार्थी पाहिले आहेत. वर्षभर पंचावन्न गुण आणि एका पेपरात पंच्याण्णव. त्या पंच्याण्णवात खोटं काही नसतं, पण पुढच्या वर्षी पुन्हा पंचावन्नच येतात. प्राध्यापकाला मात्र ते पंच्याण्णवच आठवत राहतात.

म्हणून लिहिलं : बारा षटकांवर तीन वर्षं देऊ नयेत. जुन्याच रकमेवर एक वर्ष द्यावं. गेल्या महिन्यात त्याची मेहनतीची तयारी कमी झालेली दिसते, हेही लिहिलं. खोडावं का असा विचार आला, पण जे दिसलं ते दिसलं.

लिहून झाल्यावर वाईट वाटलं. तो स्वयंपाकघरात भांडी विसळत होता, हळू, एका हाताने. माझ्याच घरात बसून मी त्याच्यावर पान लिहीत होते.

१३ सप्टेंबर, बुधवार

ह्यांनी ते पान वाचलं. मी दाखवलं नव्हतं, पेपर शोधायच्या निमित्ताने वाचलं. दुपारभर अबोला, मग एकदम, 'एकशे अकरा वर्षांत कप कुणी आणला? तुझ्या केविनने?'

मी म्हटलं, 'अहो, कप येऊन गेला. आता पुढच्या तीन वर्षांचं विचारलंय.'

'सगळ्या गोष्टी गणितात बसत नाहीत.'

बसतात. माणसांना बसवायच्या नसतात, एवढंच. पण हे बोलले नाही, आधीच भाजी करपली होती.

मग ह्यांच्याकडून कळल्यावर कबीर आला आणि तो तर माझ्या अंगावरच आला. 'आई, हा रिपोर्ट खूप क्रूएल आहे. तयारी कमी झाली, हे कसं लिहू शकते तू? यू हॅव नो आयडिया. तो आमच्यासाठी सगळं दिलं.'

'मग वहीत का दिसत नाही?'

'बिकॉज तुझ्या वहीत सगळं येत नाही!' म्हणाला आणि दार आपटून गेला. तीस वर्षांचा घोडा, शाळेत मुलांना गणित शिकवतो, आणि कपाच्या चमकीने असा आंधळा झालाय. मला त्याचं आश्चर्य वाटतं. हा मुलगा लहानपणी एका गुणासाठी शिक्षकांशी भांडायचा.

१६ सप्टेंबर, शनिवार

आज सामना नाही.

ब्रायनना पान देण्याआधी आकडे शेवटचे पडताळून घेत होते. अंतिम सामन्याची वही, शेवटचं षटक. एक, टिंब, एक, बळी, टिंब. पाच खुणा. मी चष्मा पुसला. पाचच. सहावी जागा कोरी.

पहिल्यांदा वाटलं, मी लिहायला विसरले. मी तेव्हा उभी होते, ओरडत होते. लाज वाटली. पण सहाव्या चेंडूवर काय झालं ते आठवेना. डोळे मिटून बघितलं तरी आठवेना. मग डोरीनला फोन लावला.

'पाचच होते, लव्ह,' ती म्हणाली, हवापाणी सांगावं तशी. 'मला वाटलं तुला माहीत आहे. चौथ्यावर आमचा तो जमलेला बाद झाला, नवा आला, मध्ये इतका वेळ गेला की पंच मोजणं चुकला. बाद झाला तोच एकटा मोजत होता आमच्यातला.'

'अगं, मग तू बोलली का नाहीस? तुमच्या क्लबला अजून एक चेंडू मिळायला हवा होता! तीनच धावा हव्या होत्या!'

'नियम काय सांगतो? पंचाने मोजलं तेच षटक. तोवर सगळे मैदानात नाचत होते. आमच्या लोकांना सांगितलं असतं तर पबमध्ये हाणामारी झाली असती आणि कप तरीही तुमच्याकडेच राहिला असता. आणि तू इतकी खूश होतीस. बारा वर्षांत मी तुला कधी उभी राहिलेली पाहिली नव्हती.'

मी फोन ठेवला. नियम मलाही पाठ आहे. जिंकणं नियमात बसतं. पण षटकाचे चेंडू मोजणं हे माझं काम, आणि आयुष्यात एकदाच जेव्हा त्याची गरज होती तेव्हा मी मोजले नाहीत. मी लेकाकडे बघत होते. आणि त्याच वहीच्या जोरावर परक्या मुलाच्या मेहनतीबद्दल लिहायला बसले होते.

पान ब्रायनना दिलं नाही.

१७ सप्टेंबर, रविवार

गोलंदाज चेंडू मोजतो. हे मला काल संध्याकाळी सुचलं. पंच चुकेल, फलंदाज चुकेल, मी चुकेन, पण टाकणाऱ्याला माहीत असतं.

सकाळी हे देवळात गेल्यावर परीक्षितला चहा दिला आणि समोर बसले. म्हटलं, 'शेवटच्या षटकात किती टाकलेस?'

त्याने वर बघितलं नाही. 'पाच, काकू.'

'माहीत होतं तुला?'

'हो. पंचांनी ओव्हर म्हटलं, तेव्हा मी बोलणार होतो. खरंच बोलणार होतो. पण हात वर होत नव्हता. पाचव्याला खांद्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं. सहावा टाकायला माझ्याजवळ हातच नव्हता. देवानं सोडवलं असं वाटलं. मग सगळे अंगावर आले, काका आले, आणि मी काहीच बोललो नाही.'

मग त्याने शर्टाची बाही वर करायचा प्रयत्न केला. उजवा हात छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. चेहऱ्यावर घाम आला. मी उठून त्याचा हात धरून खाली घेतला.

चमचा. भात. गरम पाणी. खालून घरंगळत दिलेला चेंडू, किटबॅग. दोन आठवडे हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि मी त्याला साहेब म्हणत होते. मला इतकी शरम आयुष्यात क्वचित वाटली असेल.

'कधीपासून?'

'ऑगस्टपासून दुखून राहिलं आहे.'

'आणि तीन वर्षांचा करार घेऊन काय करणार होतास?'

'हिवाळाभर आराम केला की बरं होईल, असं वाटून राहिलं होतं. ऋजुताला सांगितलं नाही मी. तिनं पासपोर्ट काढायला टाकला आहे, काकू.' आणि मग हा उंच, रुंद माणूस माझ्या टेबलावर डोकं टेकून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, डाव्या बाजूला, उजवीकडे लागू नये म्हणून.

थोड्या वेळाने विचारलं, 'कबीरला माहीत आहे?'

त्याने डाव्या हाताने चहाचा कप उचलला आणि विसळायला सिंककडे गेला.

१८ सप्टेंबर, सोमवार

शाळा सुटल्यावर कबीरला बोलावून घेतलं. ह्यांनाही बसवलं. वहीचं ते पान त्याच्यासमोर ठेवलं.

कबीर रागावला नाही. उलट बरं वाटल्यासारखा खुर्चीत मागे टेकला. 'आय न्यू अबाउट द शोल्डर. नाइन्थ ऑगस्टपासून,' म्हणाला. 'बीस्टनला फिझिओकडे मीच नेत होतो. ती पहिल्याच दिवशी बोलली, सिक्स वीक्स काही टाकायचं नाही. पण क्वार्टरफायनल पुढच्याच आठवड्यात होती.'

'अरे, मग बारा षटकं—'

'बारा नाही, आई.' त्याने खिशातून छोटी डायरी काढली. माझाच मुलगा, मोजल्याशिवाय राहणार कसा! 'मंगळवार, गुरुवार नेट्स. मी क्रीजवर एक बूट ठेवायचो आणि तो बूटावर यॉर्कर टाकायचा. साठ, सत्तर एका संध्याकाळी. मॅचच्या दिवशी टीच्या वेळी, तुझ्या स्कोअरबॉक्सच्या मागे, अजून तीस. दोनदा मी त्याला रेडी केला आणि मग बॉलिंग दिलाच नाही. सीझनमध्ये दोन हजारांच्या वर गेले. ते कोणी लिहीत नाही.'

तो आवाज मला माहीत आहे. चहाच्या वेळी मागच्या जाळीतून थड, थड येत राहतो. मी आणि डोरीन त्या आवाजात केक खातो आणि नातवंडांच्या गप्पा मारतो. तो आवाज कशाचा, हे मी कधी वळून बघितलं नाही.

'त्याला तुम्ही तीन वर्षं द्या, कारण तो पुढे जिंकून देणार म्हणून नाही,' कबीर म्हणाला. 'मी त्याला तोडला म्हणून. माझा चूक आहे. तो नाही म्हणू शकत नव्हता, त्याचा बायको, बेबी, सगळं माझ्या एका रेकमेंडेशन लेटरवर होतं. आणि मला कप पाहिजे होता.'

हे उठले, कबीरच्या डोक्यावर हात ठेवला आणि बागेत निघून गेले. खिडकीतून दिसत होते, नुसते उभे.

मला मुलाचा राग आला. खूप आला. आणि त्याच वेळी, हे इथेच लिहिते, बाहेर कुणाला सांगणार नाही, त्याने डायरीत मोजून ठेवलं याचा अभिमान वाटला.

२० सप्टेंबर, बुधवार

तीन पानं लिहिली, तीन फाडली. तीन वर्षं द्या म्हणून लिहिलं तर क्लबला फसवते. देऊ नका म्हणून लिहिलं तर दोन हजार चेंडू टाकून घेऊन त्याला घरी पाठवतो. आणि खरं लिहिलं तर कमिटीसमोर माझ्या मुलाचं नाव घ्यावं लागेल. परीक्षा विभागात असा पेपर कधी आला नव्हता.

परीक्षितला विचारलं, 'मी सगळं सांगितलं तर चालेल?' म्हणाला, 'मी पाचवर गप्प बसलो काकू, तेवढं पुरे झालं.'

२१ सप्टेंबर, गुरुवार

बैठक झाली.

नऊ माणसं, गळक्या छपराखालचं लांब टेबल, कोपऱ्यात बादली. ब्रायननी मला बोलायला सांगितलं. कबीर माझ्या आधी उभा राहिला. मी डोळ्यांनी थांब म्हटलं, तरी राहिला. त्याने ऑगस्टपासूनचं सगळं सांगितलं आणि कप्तानपद सोडतो म्हणाला. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

मग मी. आधी माझी चूक सांगितली. शेवटचं षटक पाच चेंडूंचं होतं, दोन्ही वह्यांत तसं आहे, निकाल नियमाने पक्का आहे, पण ते मला त्या दिवशी कळायला हवं होतं. एकाने विचारलं, म्हणजे नशिबाने जिंकलो का? मी म्हटलं, 'थोडं नशिबाने, बरंचसं त्याच्या खांद्याने.'

पुढे म्हटलं, 'तीन वर्षं चौदा हजारांनी देऊ नका. कपच्या बारा षटकांवर मी कुणालाच देऊ दिली नसती, आणि आता तर तो टाकू शकेल की नाही हेही डॉक्टरच सांगतील. पण मी तुम्हाला आणखी एक लिहून आणलंय. मला विचारलं होतं तो पुढे काय करेल. त्याने आधी काय केलं, ते माझ्या वहीत नव्हतं.' आणि कबीरच्या डायरीतले आकडे वाचले, तारखेसह. वाचायला बराच वेळ लागला. बादलीत पाणी ठिबकत होतं.

माझी सूचना अशी : खांद्याचे उपचार क्लबने करावेत. एक वर्षाचा करार, जुनी रक्कम, काम ज्युनियर मुलांना शिकवण्याचं. गोलंदाजीची अट नाही. राहायला आमची मागची खोली, बायको-मुलीसकट. हे शेवटचं ह्यांना विचारलं नव्हतं. त्यांनी लगेच हात वर केला. मतदान अजून पुकारलंही नव्हतं.

छप्पर अजून एक वर्ष गळेल, म्हणून कोषाध्यक्ष फार चिडले. चिडण्यात त्यांची चूक नाही. पाच विरुद्ध चार. कबीरचा राजीनामा स्वीकारला, तो मात्र एकमताने. ते मला लागलं. बरोबर होतं, तरी लागलं.

बाहेर परीक्षित गाडीजवळ उभा होता. कबीरने त्याला सांगितलं. मी मुद्दाम लांब थांबले. बराच वेळ दोघं बोलत होते, मग कबीरने गाडीचं दार उघडून त्याला आत बसवलं आणि त्याचा पट्टा लावून दिला.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

क्रॉयडनचा लिफाफा रजिस्टर पोस्टाने टाकून आले. पावती ह्यांच्या पाकिटात.

दुपारी परीक्षितने नागपूरला फोन लावला. मी उठून जायला लागले तर म्हणाला, बसा. एक वर्ष मिळालं, तुम्ही या, असं सांगितलं. खांद्याला थोडं लागलंय, एवढंच म्हणाला. मग त्याने फोन माझ्याकडे दिला. 'तुमच्याशी बोलायचं म्हणते.'

ऋजुताशी मी कधी बोलले नव्हते. बारीक, ठाम आवाज. 'काकू, ते मला कधीच पूर्ण सांगत नाहीत. तुम्ही सांगा.'

मी सांगितलं. ऑगस्टपासूनचं, फिझिओचं, कबीरचं, कमिटीचं. कदाचित ऑपरेशन लागेल, वेगात पुन्हा टाकता येईल याची खात्री कुणी देत नाही, हेही. पाचव्या चेंडूचं आणि न टाकलेल्या सहाव्याचंही सांगितलं. परीक्षित खिडकीकडे तोंड करून उभा होता.

मागे अन्वी कशावर तरी चमचा आपटत होती. मग ऋजुताने विचारलं, 'ते म्हणाले होते, काकू, मी एकट्याने जिंकून दिलं. इथे सगळ्यांना सांगितलं मी. बाबांनी पेढे वाटले. ते खरं ना?'

मी तीस वर्षं परीक्षा विभागात काढलेली, एरवी एवढंच सांगितलं असतं की नियमानुसार निकाल वैध आहे. पण ती मुलगी ते विचारत नव्हती. तिला, पंचांना, डोरीनला, त्या चार नाही म्हणणाऱ्यांना, कुणालाच न दिसलेलं मला आता माहीत होतं, की तुटत्या खांद्याने तो पाचव्या चेंडूसाठी पळत आला होता.

'खरं आहे गं,' मी म्हटलं. 'पाच टाकले. पाचही खरे. मी लिहिले आहेत.'

मग ती रडली, आणि मीही.